वाढलेली डिस्क आणि अपुरा पत्ता



ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटार हाकणारा माणूस उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर हा मात्र एक दुभाष्या आहे. संगणकाचा निरोप डिस्कला समजेल अशा भाषेत पोहोचवणारी ती एक आज्ञावली असते. या भाषेचे नियम आधी ठरवून घेतलेले असतात. त्यांनाच मानक म्हणतात. मानक सुधारले आणि दुभाष्या जुनाच राहिला, तर काय अनर्थ ओढवतो, ते एका उदाहरणाने पाहू.

'एटीए' मानकाप्रमाणे डिस्कवरील माहिती ५१२ बाइटांच्या कप्प्यांत राही आणि कप्प्याचा क्रमांक लिहायला २८ बिटे असत. त्यांत २६,८४,३५,४५६ कप्पे, म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट एवढेच मावतात. डिस्का याहून मोठ्या होऊ लागल्या, तेव्हा २००२ च्या 'एटीए-६' मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. डिस्कशी बोलण्याच्या खिडक्या मात्र त्याच ठेवल्या. पूर्वी तीन खिडक्यांतून आठ-आठ आणि चौथीतून चार बिटे जात. आता त्याच तीन खिडक्यांतून आधी पत्त्याचा वरचा अर्धा भाग आणि मग खालचा जातो. आज्ञाही नव्या आल्या. कप्प्यांच्या संख्येच्या जागी शून्य लिहिले, तर जुन्या आज्ञेत त्याचा अर्थ २५६, नव्या आज्ञेत ६५,५३६!

जुन्या ड्रायव्हरने मोठा पत्ता २८ बिटांत कोंबला, तर वरचे अंक गळून पडतात. घरक्रमांकासाठी तीनच चौकटी असाव्यात आणि १००५ क्रमांकाचे पत्र ५ क्रमांकाच्या घरी जावे, तसाच हा प्रकार. पण पत्र नुसते चुकले तर परत तरी येते. येथे नवी माहिती जुनीवर लिहिली जाते. डिस्कच्या अगदी आरंभी तिच्या विभागांचा तक्ता असतो. तोच पुसला गेला, तर बाकीची माहिती जागच्या जागी असूनही सापडत नाही. आणि हे घडताना डिस्क चकार शब्द काढीत नाही. तिच्या दृष्टीने पत्ता बरोबरच असतो. २००१ च्या मूळ विंडोज एक्सपीत नव्या पत्त्याची सोय नव्हती. ती २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने आली.

मग ड्रायव्हरने सरसकट नवी भाषा बोलावी काय? नाही, जुन्या डिस्कला ती कळत नाही. म्हणून त्याने आधी डिस्कला तिची ओळख विचारावी. उत्तरातील ८३ क्रमांकाच्या शब्दात १० क्रमांकाचे बिट १ असेल, तर नवी रीत वापरावी, एरवी जुनी. आणि जुन्या रीतीत न मावणारा पत्ता आला, तर सरळ नकार द्यावा. नकाराने काम अडते. चुकीच्या होकाराने आपली साठवण जाते.