थेंबें थेंबें तळें केव्हां सांचतें ?

‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण आपण सर्व जाणतां. पण प्रत्येक थेंब आधींच्याहून लहान होत गेला, तरीहि तळें भरेल काय ? वर्गांतील एका चतुर मुलास मीं हा प्रश्न घातला. १, १/२, १/३, १/४ असे पूर्णांकांचे व्यस्तांक तो दोन दिवस मिळवीत बसला. ३१ पदांस बेरीज ४ च्या पुढें गेली. ५ च्या पुढें जावयास ८३ पदें लागलीं. “आतां ती थांबलीच म्हणा, गुरुजी,” असें म्हणून त्यानें वही मिटली.

मेहनत खरी, पण निष्कर्ष चुकीचा. चौदाव्या शतकांत निकोल ओरेम नांवाच्या फ्रेंच पंडितानें याची सोपी सिद्धता दिली. १/३ हा १/४ हून मोठा आहे. म्हणून १/३ व १/४ यांची बेरीज १/२ हून अधिक. १/५ पासून १/८ पर्यंतच्या चार पदांत १/८ हून लहान एकहि नाहीं. त्यांचीहि बेरीज १/२ हून अधिक. पुढील आठांची, मग सोळांची गोष्ट तीच. हे अर्धे कधींच संपत नाहींत. म्हणून कोणतीहि संख्या सांगा, बेरीज ती ओलांडील. चाल मात्र फार मंद. १० ओलांडावयास १२,३६७ पदें लागतात आणि २० ओलांडावयास २७,२४,००,६०० ! रात्रंदिवस दर सेकंदास एक पद मिळविलें, तरी साडेआठ वर्षें पुरणार नाहींत.

मग लहान होत जाणारे सर्वच थेंब तळें भरतात काय ? नाहीं. १, १+२, १+२+३ अशा बेरजांनीं होणाऱ्या १, ३, ६, १० इत्यादि त्रिकोणी संख्या घ्या. त्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करण्याचें कोडें हायगेन्सनें १६७२ सालीं पॅरिस येथें तरुण लायब्निट्सला घातलें. त्याची युक्ति पाहा :

१ = २ − १
१/३ = १ − २/३
१/६ = २/३ − १/२
१/१० = १/२ − २/५

मिळवितांना मधलीं पदें उडून जातात. उरतात २ उणें एक लहानसा अपूर्णांक. कोट्यवधि पदें घेतलीं तरी ही बेरीज २ ला पोंचत नाहीं.

दोन्हीकडे थेंब लहानच होतात. भेद डोळ्यांस दिसत नाहीं, तो सिद्धतेनेंच कळतो. हें ऐकून त्या मुलानें वही पुन्हां उघडली व तो पदांचे गट पाडूं लागला. दोन दिवसांच्या बेरजेनें न कळलेलें त्यास अर्ध्या तासांत कळलें. पालकांसहि विनंति, कीं मुलाची चाल मंद दिसली म्हणून तें थांबलें असें मानूं नये. आधीं कारण शोधावें.