टिळकांचे आखाड्यातले वर्ष

अमेरिकेत १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमध्ये फुटबॉलचा पहिला सामना झाला. एकेका संघात २५ खेळाडू! त्यानंतर तीन-चार वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक किरकोळ अंगाचा मुलगा दाखल झाला, बाळ गंगाधर टिळक. आई-वडिलांचे छत्र तोवर हरपले होते. तरीही या पोरक्या मुलाने पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीराला दिले. तालीम, कुस्ती, पोहणे. अभ्यास मागे पडला तो पडलाच. आजच्या पालकांनी केवढा गहजब केला असता! पुढे बी.ए.ला गणितात पहिला वर्ग मिळाला. १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, मधुमेह सोबतीला असताना, ही कमाई त्यांच्या उपयोगी पडली असणारच.