गुंठा, साईट आणि थांबलेलं गिऱ्हाईक

देशात घरांच्या किमतींचा फुगा फुगलाय की फुटलाय, ही चर्चा मुंबई-बेंगळुरूच्या आकड्यांवर चालते. रिझर्व्ह बँकेच्या घरांच्या किमतींच्या निर्देशांकात बरीच वर्षं 10 शहरं होती आणि त्यात कर्नाटकातून एकटं बेंगळुरू. बेळगाव नाही, निपाणीचं तर नावच नको. त्यामुळे आपल्याकडचं पाणी किती खोल आहे ते आपल्यालाच काठी टाकून बघावं लागतं. वर्षानुवर्षं बघून एक गोष्ट पक्की कळते: आपल्याकडे जागेचा भाव पडत नाही, गिऱ्हाईक थांबतं. मालक बोर्डावरचा आकडा खोडत नाही. पाऊस तो पुसतो, मालक पुन्हा रंगवून घेतो.

33 फुटांची साखळी

गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एक एकर. जुन्या मोजणीची साखळीच 33 फुटांची असायची, आणि तिचे 16 भाग म्हणजे 16 आणे. म्हणून जुन्या कागदांत क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं लिहिलेलं सापडतं. एक आणा जमीन म्हणजे जेमतेम 68 चौरस फूट, दोन खाटा टाकायची जागा. भावकीत त्यासाठीही पिढ्या बोलत नाहीत.

आता लेआउटमध्ये चला. हिंडलग्याकडे, येळ्ळूरकडे, मच्छेकडे, कुठेही. चुन्याच्या रेघा, गुडघ्याएवढे सिमेंटचे खांब, खांबावर लाल रंगात नंबर. इथलं माप गुंठ्याचं नाही, 30 बाय 40 चं. म्हणजे 1200 चौरस फूट, गुंठ्यापेक्षा 111 चौरस फूट जास्त. एकानं गुंठ्याचा भाव सांगितला आणि दुसऱ्यानं साईटचा, तर आधी दोन्ही चौरस फुटांवर आणा आणि मगच तुलना करा. महाराष्ट्रात याच तुकड्याला प्लॉट म्हणतात. बेळगावात साईट.

न दिसणारी घसरण

समजा, 10 वर्षांपूर्वी कुणी 30 लाखांना साईट घेतली. आजही गिऱ्हाईक 30 लाखच म्हणतंय. मालक म्हणतो, तोटा तर नाही! पण महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर आजचे 30 लाख म्हणजे तेव्हाचे साधारण साडेअठरा लाख. बोर्डावरचा आकडा तोच राहिला आणि साडेअकरा लाख गेले. त्यात कर्ज काढून घेतलेली असेल तर हिशोब आणखी जड होतो. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत: हप्ता 21,700 च्या आसपास आणि एकूण फेड 52 लाखांवर.

अमेरिकेत 2006 ते 2012 या काळात घरांच्या किमती पावभागाहून अधिक उतरल्या आणि साऱ्या जगाला ते दिसलं. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. त्याआधीच्या तेजीत टोकियोच्या राजवाड्याखालची जमीन आख्ख्या कॅलिफोर्नियापेक्षा महाग आहे, असं म्हटलं जायचं. आपल्याकडची घसरण अशी डोळ्यांत भरत नाही. साईट विकून मुलीचं लग्न किंवा मुलाचं शिक्षण करायचं ठरलेल्या घराला मात्र ती बरोबर कळते.

चांदीच्या धावा

जमिनीचा फुगा आपल्या मुलखाला नवा नाही. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. बैलहोंगल, सौंदत्तीपासून धारवाडपर्यंतच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या काळच्या लिखाणात आहेत. तो पैसा मुंबईत गेला आणि समुद्रात भर घालून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या वर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती! एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी पोचताच कापूस कोसळला आणि तोच शेअर 2,000 च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. समुद्रातल्या जमिनीचा फुगा आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या कापसावर फुगला होता, हे बेळगावच्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक महामार्ग, दोन कायदे

कागल महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात. मध्ये कोगनोळीचा नाका. माती एक, ऊस एक, पाहुणे-रावळे एक. पण जमीन घ्यायला निघालात तर नियम बदलतात.

कागलच्या बाजूला शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो. निपाणीच्या बाजूला ही अट 2020 च्या दुरुस्तीनं गेली, त्यामुळे पुण्या-मुंबईचा कुणीही रान घेऊ शकतो. सातबारा तिकडे, इकडे पहाणीचा उतारा. सरकारी भावाला तिकडे रेडी रेकनर म्हणतात, इकडे गाईडन्स व्हॅल्यू. नोंदणी फी महाराष्ट्रात 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर जात नाही. कर्नाटकात ती ऑगस्ट 2025 च्या अखेरीस 1 वरून 2 टक्के झाली. 50 लाखांचं घर असेल तर तिकडे 30,000 आणि इकडे 1 लाख. मुद्रांक शुल्क वेगळंच.

1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी काही वर्षं ही दोन्ही गावं एकाच मुंबई राज्यात, एकाच महसुली कायद्याखाली होती. बेळगावच्या घरांना अजून सिटी सर्व्हे नंबर आहेत ते त्याच काळाची खूण म्हणून.

बेळगाव शहरातही असंच. शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे, आणि कॅम्पात लष्करी कारभार. कँटोन्मेंटांतल्या कित्येक जुन्या बंगल्यांची गंमत अशी की जमीन सरकारची आणि मालकी फक्त वरच्या बांधकामाची. तिथे बंगल्याचा भाव विचारताना आधी विचारायचं की नेमकं विकताय काय.

सरकारी भाव खाली येत नाही

ऑक्टोबर 2023 मध्ये कर्नाटकानं गाईडन्स व्हॅल्यू सरासरी सुमारे 30 टक्क्यांनी वाढवली. बाजार थंड असताना हाच आकडा आडवा येतो. समजा, सरकारी किंमत 50 लाख आहे आणि अडलेला माणूस 40 लाखांना द्यायला तयार आहे. आयकर कायदा 10 टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देतो, त्यापुढची नाही. इथे विक्री 50 लाखांना झाली असं धरून विकणाऱ्याचा नफा मोजला जातो आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात 10 लाख मिळवले जातात. वर मुद्रांक शुल्कही 50 लाखांवर. दोघांचीही चूक नसते, तरी दोघांनाही कर. खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घ्यायची सोय कायद्यात आहे, पण ती मागावी लागते आणि मागणारे थोडे. सरकारी भाव बाजाराबरोबर खालीही यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

घोषणेची तेजी

हलग्याला सुवर्ण विधानसौध 2012 ला उभं राहिलं. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव आलं. 2017 ला सांबऱ्याला विमानतळाचं नवं टर्मिनल झालं. दर घोषणेला एजंटांच्या तोंडचा आकडा वर जातो. पण घोषणेवर वाढलेला भाव सांगायला सोपा, तो देणारा माणूस भेटणं अवघड. खरं गिऱ्हाईक इथे ठरलेलं आहे: मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेला जवान, घराला गोव्यात हात न पोचणारा गोवेकर, आणि गावाकडून मुलांच्या शाळेसाठी आलेलं कुटुंब. या तिघांच्या खिशापलीकडे गेलेला भाव बोर्डावरच राहतो.

आणि घोषणांतल्या रस्त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. हलगा-मच्छे बायपासला तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात आणि रानातही, कारण ती बेळगाव बासमती पिकवणारी, वर्षाला तीन पिकं देणारी जमीन आहे. निपाणीजवळचा महामार्ग तर 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरला होता. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी गेले. आज त्याच महामार्गाकडेच्या रानाचा भाव लोक गुंठ्यावर विचारतात. तंबाखूला भाव मिळाला असता तर यातली किती रानं विकायला निघाली असती, हा प्रश्न मला त्या रस्त्यानं जाताना दर वेळी पडतो.

शंभर रुपये

1908 च्या नोंदणी कायद्यात 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकली तर दस्त नोंदवलाच पाहिजे, असं आहे. तो आकडा आजही 100 च आहे. म्हणजे आज कुठलीही साईट नोंदणीशिवाय तुमची होत नाही. तरीही स्टँप पेपरवर नोटरीच्या शिक्क्यानं गुंठे विकले जातात. अशा जागेला बाजार थंड झाल्यावर सगळ्यात आधी गिऱ्हाईक मिळेनासं होतं, कारण बँक तिच्यावर कर्ज देत नाही.

क्रयपत्र म्हणजे खरेदीखत

आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी, आणि कागद कन्नडमध्ये. सीमाभागातल्या मराठी माणसाची उतारे-दाखले मराठीतही मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत हे चार शब्द ओळखीचे करून ठेवा. क्रयपत्र म्हणजे खरेदीखत. ऋणभार म्हणजे बोजा. चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा. नोंदणी मात्र दोन्हीकडे नोंदणीच.

बाजार थांबलेला असतो तेव्हा घेणाऱ्याला घाई नसते, तेव्हाच कागद नीट बघून होतात. संचकार, म्हणजे इसार, देण्याआधी 30 वर्षांची ई.सी., म्हणजे ऋणभाराचा दाखला, काढा. सर्व्हे नंबरातला तुकडा असेल तर त्या तुकड्याचा मोजणीचा 11 ई नकाशा मागा. चक्कुबंदी हातात घेऊन जागेच्या चारी बाजूंनी स्वतः फिरा. आणि कन्नड वाचणाऱ्या, तुमच्या बाजूच्या माणसाकडून सगळा दस्त मोठ्यानं वाचून घ्या, सही करायच्या आदल्या दिवशी.