एकच पोथी, पाच घरं

मंडळी, लोणावळ्यात ‘पाइपलाइन’ म्हटल्यावर काहींना घाट उतरून खोपोलीच्या वीजघराकडे जाणारे टाटांचे नळ आठवले असतील. आपली आजची पाइपलाइन वेगळी. प्रोग्रॅममधला बदल आपोआप तपासायचा, जुळवायचा आणि पुढे पोचवायचा, अशा ओळीनं चालणाऱ्या पायऱ्यांची ती साखळी. कोणती पायरी कधी, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग यात का पडलो? प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून. अनेकांत असलेलं ‘एक’ राहतं कुठं?

आमच्याच गटाचं उदाहरण घेऊ. मावळातल्या वाचनालयांसाठी आमची मुलं पाच छोटे प्रोग्रॅम सांभाळतात. प्रत्येकाची रिपॉझिटरी वेगळी. पाइपलाइनची फाइल सगळ्यांना तीच हवी, म्हणून आम्ही ती पाच ठिकाणी कॉपी केली. तिच्यात एक तपासणी होती : वाचकांचे फोन नंबर चुकून बाहेर जाऊ नयेत. त्या तपासणीतली चूक चार ठिकाणी दुरुस्त झाली, पाचव्या ठिकाणी राहिली. नंबर तिथूनच गेले. कुणी आळस केला असं नाही. प्रतीच पाच होत्या.

इंद्रायणी इथं लोणावळ्याजवळ उगम पावते आणि देहूवरून आळंदीला जाते. ज्यांची समाधी तिथं आहे, त्या ज्ञानदेवांच्या ग्रंथाचंही असंच झालं होतं. हातानं प्रती उतरवता उतरवता पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कुणी आपली ओवी घालू नये असंही बजावलं.

आपल्यालाही तेच करायचं. सामायिक फाइलींची एक स्वतंत्र रिपॉझिटरी ठेवायची, बाकीच्यांनी तिचा नुसता संदर्भ द्यायचा. गिटलॅबमध्ये हे ‘इन्क्लूड’नं होतं, गिटहबमध्ये ‘यूजेस’नं. संदर्भात आवृत्तीही लिहावी, टॅग किंवा कमिट. नुसतं ‘मेन’ लिहिलं, तर दुसऱ्याच्या आजच्या चुकीनं उद्या आपलं काम अडतं.

आता खरी गाठ. सामायिक फाइल सुधारताना ती चालते का, हे आपल्या लॅपटॉपवर पाहायचं असतं. संदर्भ मात्र सर्व्हरवरच्या प्रतीकडे बोट दाखवतो. मग एकेका स्वल्पविरामासाठी पुश करायचं का? मुलं दोन पळवाटा काढतात. एक, तात्पुरती कॉपी. ती कायमची होऊन बसते. दुसरी, सिमलिंक. पण गिट सिमलिंकचा नुसता पत्ता जपतं, पलीकडचा मजकूर नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर तो पत्ता रिकामा निघतो.

नीट वाट अशी. दोन्ही रिपॉझिटऱ्या शेजारी-शेजारी ठेवा. संदर्भाला हात लावू नका; तो कुठं शोधायचा, एवढंच आपल्या यंत्राला सांगा. गिटहबची पाइपलाइन लॅपटॉपवर चालवणारं ‘ॲक्ट’ नावाचं साधन आहे. ‘लोकल-रिपॉझिटरी’ हा पर्याय देऊन त्याला सांगता येतं, की अमुक आवृत्तीऐवजी हा फोल्डर वापर. हे सांगणं आज्ञेपुरतं राहतं, फाइलीत उतरत नाही. गिटलॅबमध्ये सामायिक रिपॉझिटरीत वेगळी ब्रँच काढावी आणि ‘रेफ’ तात्पुरता तिकडे वळवावा. काम जोडण्यापूर्वी तो परत टॅगवर आणावा. हे विसरतं, म्हणून तपासणीची एक पायरीच ठेवावी.

आणि लॅपटॉपवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं, असं समजू नये. सर्व्हरवरचे पासवर्ड आणि तिथलं वातावरण आपल्याकडे नसतं. शेवटची परीक्षा तिथंच.

तात्पर्य काय? नाव आणि ठिकाण या दोन गोष्टी आहेत. नाव सगळ्यांचं एकच असू द्या. ठिकाण काम करताना आपलं असायला हरकत नाही. बदल पटला की तो मूळ पोथीत लिहा आणि नवा टॅग लावा. आमच्या पाचही प्रती आता आम्ही काढून टाकल्यात. गेलेले नंबर मात्र परत आणता येत नाहीत.

इथं थांबू या. प्रश्न विचारा.