पेन्सिलीच्या रेषेत मातीचा पेला

कोलकात्यालगत वसविण्यात आलेल्या न्यू टाउनमध्ये रुंद रस्ते आणि उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी चहाच्या टपरीवरील मातीचा पेला टिकून आहे. बंगालीत त्यास ‘भांड’ म्हणतात. मराठीतील ‘भांडे’ हा शब्दही त्याच कुळातला. चहा संपताच हा पेला फेकून दिला जातो. वस्तुचित्र शिकणाऱ्यासाठी मात्र तो उत्तम शिक्षक ठरतो.

पेल्याची कड वर्तुळाकार असते, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु पेला टेबलावर ठेवला, की तीच कड लंबवर्तुळाकार दिसते. डोळ्यांच्या पातळीवर धरला, तर केवळ सरळ रेषा उरते. नवशिका ठाऊक असलेला आकार काढतो. दिसणारा आकार काढणे हाच वस्तुचित्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा छायाप्रकाशाचा. स्टीलच्या भांड्यावर उजेड ठळक तुकड्यांनी चमकतो, तर चकाकी नसलेल्या मातीवर तो हळूहळू मावळतो. सर्वांत गडद छाया अनेकदा अगदी कडेला नसते. टेबलावरून परतणारा प्रकाश ती कड किंचित उजळवितो. ही सूक्ष्म छटा टिपण्यास पेन्सिल विशेष अनुकूल आहे. पेन्सिलीच्या शिशात प्रत्यक्षात शिसे नसून भट्टीत भाजलेले ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये ही पद्धत रूढ केली. मातीचे प्रमाण वाढले, की रेषा फिकट व कठीण होते. ग्रॅफाइट वाढले, की गडद व मऊ. म्हणजे पेला आणि त्याचे चित्र काढणारी पेन्सिल, दोन्ही भाजल्या मातीचीच.

मराठी वाचकांना हा विषय शाळेपासून परिचित आहे. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या ‘एलिमेंटरी’ परीक्षेत ‘वस्तुचित्र’, तर ‘इंटरमिजिएट’मध्ये ‘स्थिरचित्र’ हा विषय असतो. अनेक घरांत परीक्षेतील श्रेणी मिळाली, की पेन्सिल बाजूला पडते. वास्तविक या अभ्यासाचे मोल श्रेणीपुरते नाही. ज्या वस्तूकडे एरवी क्षणभरही पाहिले जात नाही, तिच्याकडे तासभर पाहण्याची सवय तो लावतो. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक पेन्सिल, एक कागद आणि फेकून देण्यापूर्वी जपून ठेवलेला पेला पुरेसा आहे.