लाल मातीने आपलेसे केलेले गाणे

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात जवळजवळ मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज हे नगर आहे. उत्तरेचे डार्विन आणि दक्षिणेचे ॲडलेड ही दोन्ही शहरे तेथून रस्त्याने सुमारे १५०० किलोमीटर दूर. मधल्या प्रदेशात तांबडी माती, खुरटी झुडपे आणि गुरे पाळण्याची अफाट कुरणे. त्यांतील काही तर गोवा राज्याहून मोठी. या निर्जन अंतर्भागाला तेथे ‘आउटबॅक’ म्हणतात. अमेरिकेत जन्मलेले कंट्री संगीत येथे इतके रुजले, की आज ते परके वाटत नाही.

ते आले ग्रामोफोनवरून. चावीच्या यंत्राला वीज लागत नसे, आणि गिटार घोड्यावरूनही नेता येई. १९३६ मध्ये टेक्स मॉर्टन या मूळच्या न्यूझीलंडच्या गायकाने सिडनीत ध्वनिमुद्रण केले आणि अमेरिकी काउबॉयच्या जागी हळूहळू स्थानिक गुराखी, दुष्काळ आणि लांबचे रस्ते गाण्यांत येऊ लागले.

या परंपरेचा सर्वांत मोठा गायक स्लिम डस्टी. गंमत अशी, की आउटबॅकचा हा आवाज वाळवंटातला नव्हताच. डेव्हिड गॉर्डन कर्कपॅट्रिक हे त्याचे खरे नाव. १९२७ मध्ये जन्मलेला हा मुलगा न्यू साउथ वेल्सच्या हिरव्या किनारपट्टीजवळ, दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबात वाढला. १९५७ च्या ‘अ पब विथ नो बिअर’ने त्याला देशाबाहेरही नाव मिळवून दिले, पण त्याची खरी मिळकत म्हणजे १९५४ पासूनचे दौरे. पत्नी जॉय मॅक्कीन ही स्वतः समर्थ गीतकार. दोघे मोटार आणि कॅराव्हॅन घेऊन जेथे दुसरा कलावंत फिरकत नसे अशा वस्त्यांपर्यंत जात. तेथील श्रोत्यांत आदिवासी मोठ्या संख्येने असत.

हे स्वाभाविकच होते. कुरणांवर घोडे हाकणारे, गुरांना डाग देणारे कुशल हात बहुतांशी आदिवासींचेच होते, आणि मोबदला पुष्कळदा पीठ, साखर, चहा आणि नाममात्र पैसे एवढाच. स्लिम डस्टीच्या ‘ट्रम्बी’ या गाण्याचा नायक असाच एक गुराखी आहे: कामात निष्णात, पण निरक्षर. पाणी विषारी असल्याचा फलक त्याला वाचता येत नाही आणि ते पाणी पिऊन तो मरतो. गायक कोणावर ओरडत नाही, केवळ हकीकत सांगतो. म्हणूनच ती अधिक झोंबते.

ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल येथील गुरिंजी कामगारांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. आधी मागणी वेतनाची वाटली. मुळात ती जमिनीची होती. या लढ्यावर टेड ईगन यांनी लिहिलेले ‘गुरिंजी ब्लूज’ १९७१ मध्ये आले. समान वेतनाचा निर्णय लागू झाला तेव्हा अनेक मालकांनी वेतन देण्याऐवजी कामगारच कमी केले. घोड्यावरचे आयुष्य संपले. त्याची गाणी मात्र वस्त्यांमध्ये राहिली.

१९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला ‘कामा’ ही आदिवासींची प्रसारण संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत आयझॅक यामा यांच्यासारख्या गायकांची पिचांचाचारा भाषेतील कंट्री गीते कॅसेटवर आली आणि दूरच्या वस्त्यांत पोहोचली. चाल ओळखीची, गिटार तीच; शब्द मात्र त्या मातीत पूर्वापार बोलले जाणारे.