वृद्धांचा चहा

कुटुंबांतील वृद्धांना दुपारचा चहा द्यावा कीं देऊं नये, हा वाद हल्लीं पुष्कळ घरीं चालतो. आमच्या घरीं तो आमच्याच कपावरून झाला. चिरंजिवांनीं साखरेचें व निद्रानाशाचें कारण पुढें केलें. तेव्हां त्यांच्या पक्षाचें खंडन करण्यासाठीं आम्ही प्रमाण शोधूं लागलों.

प्रमाण मिळालें तें सिंगापूरचें. तेथील राष्ट्रीय विद्यापीठांतील फेंग लेइ व त्यांचे सहकारी यांनीं ५५ व त्याहून अधिक वयाच्या ९५७ चिनी स्त्रीपुरुषांचें कांहीं वर्षें निरीक्षण करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. नियमित चहा घेणारांत स्मरणशक्ति व विचारशक्ति क्षीण होण्याचा संभव सुमारें निम्म्यानें कमी आढळला. चहा हिरवा असो वा काळा, फल तेंच. पानांतील कॅटेचिन, थिॲनिन इत्यादि द्रव्यें मेंदूच्या पेशींचें रक्षण करीत असावीं, असा संशोधकांचा तर्क आहे.

आमचा विजय मात्र क्षणिक ठरला. स्त्रीपुरुषांचे आंकडे निरनिराळे मांडतांच लाभ स्त्रियांच्याच पदरीं पडलेला दिसला. पुरुषांत तो दिसून आला नाहीं!

हें वाचून आम्हीं स्वयंपाकघराकडे पाहिलें. सर्वांस चहा देऊन झाल्यावर उरलासुरला, निवालेला चहा ओट्यापाशीं उभ्यानें पिणारी आमची गृहिणी अलीकडे डबे कोठें ठेवले तें विसरूं लागली आहे. एवढ्या वादांत तिच्या कपाचा उल्लेखहि कोणीं केला नव्हता.

केवळ निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें न्यायशास्त्र जाणणारांस सांगणें नको. शिवाय चिनी चहा बहुधा दूधसाखरेवांचूनचा. आपला उकळलेला गोड काढा त्याच्या पंक्तीस बसवितां येणार नाहीं. म्हणून साखर अल्प असावी. जेवणाबरोबर चहा घेऊं नये, कारण त्यानें अन्नांतील लोहाचें शोषण कमी होतें. आणि सायंकाळनंतर तो वर्ज्य करावा. विस्मरण वाढत असेल तर चहावर विसंबून न राहतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आम्हींहि तो घेण्याचें ठरविलें आहे.

तूर्त आमच्या घरीं चारचा पहिला कप तिचा असतो, आणि तो आम्ही करतों. पहिल्या दिवशीं आलें घालावयाचें राहिलें. तें तिच्या बरोबर ध्यानांत आलें.